शेगडीवाली खोली

नचिकेतने टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरला. पंधरा दिवस गाडीने भटकायचं होतं, आणि मुक्कामाची प्रत्येक खोली त्याने शेगडीवालीच निवडली होती.

"बाबांना बाहेरचं सोसत नाही. आई, तू आहेस म्हणून जमतंय."

"आणि ती मोठी दरी?" कुमुदताईंनी विचारलं. इथे आल्यापासून त्यांनी तेवढंच मागितलं होतं.

"तिथे आम्ही पहाटे सूर्योदय बघून येऊ. तोवर तू पोळ्या करून ठेव. पुढे वाटेत काही मिळत नाही."

"तुझ्यासाठी फोटो काढून आणू की," नवरा दात कोरत म्हणाला.

कुमुदताईंना शिसारी आली. असल्यांसाठी आपण साताऱ्याहून पोळपाट वाहून आणला! उठून त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर आदळला.

"दरी मी बघून येते. तोवर पोळ्या तुम्ही लाटा. आणि हो, फोटो काढून ठेवा."