आवाज आला पाहिजे

दरीतल्या त्या गरम झऱ्यावर वाफ इतकी दाट होती की हातभरावरचं दिसत नव्हतं. पाणी जिथून उकळत वर येत होतं, तिथे साधा कठडाही नव्हता. कपडे बदलायच्या फळ्यांच्या खोपटात एकीलाच जेमतेम उभं राहता येत होतं, म्हणून बालवाडीतल्या लेकीला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "मोठ्याने अंक म्हणत राहा. मला आवाज आला पाहिजे. अजिबात थांबायचं नाही."

पलीकडच्या कुंडातून नवरा ओरडला, "अगं, इथे तरी पोरीची शाळा घेऊ नकोस!"

"तू गप रे!"

अंगाला चिकटलेला ओला कुर्ता ओढून काढत होते, पण कान बाहेरच होते. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

मग काहीच नाही. नुसतं पाण्याचं रटरटणं.

मी किंचाळून तिला हाक मारली आणि ओ यायची वाट न बघता, टॉवेल कसाबसा गुंडाळून बाहेर धावले.

ती बाकावरच होती. बोटांकडे बघत, रडवेली.

"आई, मी थांबणार नव्हते गं... पण पुढचं तू अजून शिकवलंच नाहीस."