मऊ वाळू

"दोन रात्री तंबूत राहायचंय, त्याला एवढी मोठी बॅग कशाला आणलीस?" जीपची चाकं बेटावरच्या वाळूत रुतली होती, भरतीचं पाणी चढत होतं, आणि मी बायकोवर ओरडत होतो. चाकांखाली घालायला कापड हवं होतं. ती "थांब, ती नको" म्हणेपर्यंत मी बॅग उघडलीसुद्धा.

आत साड्याच साड्या. तंबूत साड्या? माझं डोकंच फिरलं. तावातावाने पहिली ओढली, तर तिच्या घडीतून पितळेची अन्नपूर्णा वाळूत पडली. लग्नात सासूबाईंनी हिला दिलेली. साताऱ्याहून ब्रिस्बेनला आल्यापासून ती देवघरातून कधी हलली नव्हती.

"आज सांगणारच होते," बायको म्हणाली. "परतताना मला विमानतळावर सोड. मी आईकडे चाललेय. कायमची."

तिनेच साड्या चाकांखाली कोंबल्या. "बस गाडीत. आपली लेक आत आहे, पाणी बघ कुठवर आलंय!" असं म्हणून ती मागे ढकलायला गेली.

गाडी हिसका देऊन सुटली. मऊ वाळूत एकदा गाडी सुटली की घट्ट जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही, हे मीच लेकीला वाटभर शिकवत आलो होतो. आरशात बायको दिसली. अन्नपूर्णा उचलून टी-शर्टला पुसत होती, आणि लहान लहान होत चालली होती.

"बाबा, थांबू नकोस!" मागच्या सीटवरून लेक ओरडली. "पुन्हा रुतेल!"

मी ब्रेक दाबला.