पंचवीस किलो

तिसऱ्या फेरीला ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं आणि गाडी वाळूत शिरून थांबली, एवढंच इंद्रजितने सांगितलं. कोइमतूरच्या ट्रॅकवरून ट्रेलरवर घालून आणलेली ती गाडी आता तुर्भ्याच्या गॅरेजात उभी होती. पुढच्या जाळीत अजून वाळू होती.

धम्मपालने चाक काढलं आणि डिस्कवरून बोट फिरवलं. डिस्क निळी पडली होती.

"ऑइल उकळलं, साहेब. रस्त्यावर ही राणी आहे. पण ट्रॅकवर अठराशे किलोचं धूड दर वळणाला रोखायचं म्हणजे ब्रेक शिजणारच."

"मग?"

"ब्रेक मोठे करू. त्यांना हवा मिळेल असं करू. आणि वजन काढू. मी तयार म्हणेपर्यंत ट्रॅकचं नाव काढायचं नाय."

इंद्रजितने मान डोलावली. वाळूतला तो क्षण त्याच्या मनातून अजून गेला नव्हता.

महाप्याला त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. एक्कावन्नावं वर्ष चालू होतं. त्याचे वडील, मारोती, घाऊक मार्केटात पोती वाहायचे; बावन्नाव्या वर्षी पाठीवरचं पोतं उतरवता उतरवता छातीत कळ आली आणि गेले. डॉक्टरांनी इंद्रजितसमोर वाढलेल्या साखरेचे, रक्तदाबाचे रिपोर्ट ठेवले, तेव्हा त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकले आणि महिन्याभरात ही वेगवान गाडी घेतली. आपल्याला वर्षच उरलं असेल, तर ते मजेत जावं. बायको, प्रियदर्शिनी, त्यावर आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

धम्मपाल कामाला लागला. नव्या डिस्क आल्या, ट्रॅकचे पॅड आले, बंपरमधून चाकांपर्यंत हवेचे पाइप आले. मग मागची सीट निघाली, स्टेपनी निघाली, स्पीकर, गालिचे, सगळं निघालं. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी चढवून दोघांनी आकडा पाहिला.

"अजून पंचवीस किलो," धम्मपाल म्हणाला.

"आता काय काढणार? काचा?"

धम्मपालने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रागावू नका साहेब. काट्यावर तुमी पण बसले होते."

इंद्रजित रागावलाच. दोन दिवस गॅरेजकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मात्र बूट घालून नेरूळच्या खाडीकाठी चालायला गेला.

घरी यावरून भांडण पेटलं. रविवारी प्रियदर्शिनीने बटाटेवडे तळले आणि त्याने ताटली बाजूला सारली.

"डॉक्टर सांगून थकले, तेव्हा ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "लोखंडासाठी मात्र उपाशी राहतोस!"

"लोखंडासाठी नाही. ब्रेकसाठी."

ती ताटली उचलून आत गेली. त्याच आठवड्यात ती तडक गॅरेजात आली आणि इंद्रजितच्या देखत धम्मपालवर बरसली.

"माणसाला वाळवून गाडी पळवता? उद्या चक्कर येऊन पडला, तर तुमचा काटा येणार आहे बघायला?"

"प्रियाताई, मी काय करू?" धम्मपाल पान्याशी चाळा करत म्हणाला. "गाडीच जड आहे."

इंद्रजितलाच वाईट वाटलं. त्याने तिला समजावून घरी पाठवलं आणि धम्मपालची माफी मागितली. त्या दिवसापासून तो जास्तच हट्टाला पेटला. भात गेला, साखर गेली, कारखान्यातला चारचा समोसा गेला. दर शनिवारी तो गॅरेजातल्या काट्यावर उभा राहायचा आणि धम्मपाल पाटीवर खडूने आकडा लिहायचा. एकशे तेरा. एकशे नऊ. एकशे दोन.

डिसेंबरात ट्रॅकची तारीख जाहीर झाली. इंद्रजित हेल्मेट घेऊनच गॅरेजात आला.

"नाही साहेब. अजून अकरा किलो."

"अकरा किलोने काय होतंय?"

"वळणाआधी शंभर मीटरची पाटी येते, तिथं ब्रेक दाबाल तेव्हा कळेल काय होतंय ते. वाळू विसरलात?"

तो विसरला नव्हता. हेल्मेट घेऊन निमूट परत गेला. ती तारीख हुकली.

जानेवारीत त्याला बावन्नावं लागलं. या वर्षाची भीती तो विशीपासून उराशी धरून होता. वाढदिवसाच्या सकाळी खाडीकाठी फेऱ्या मारताना त्याच्या लक्षात आलं, की आपण आठ किलोमीटर चाललो आणि दम लागला नाही. घरी येऊन त्याने प्रियदर्शिनीला ते सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून ती भाजी चिरत राहिली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला. साखर आटोक्यात, रक्तदाब आटोक्यात.

"गायकवाड, औषध बदललंत की डॉक्टर?"

"गाडीची तयारी चाललीय," इंद्रजित म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते हसले. खूप वर्षांनी एखाद्या दवाखान्यातून तो हलक्या पायाने बाहेर पडला.

पुढच्या शनिवारी तो काट्यावर उभा राहिला. धम्मपालने वाकून पाहिलं, त्याला उतरवलं, पुन्हा चढवलं. अठ्ठ्याऐंशी. पाटीवर आकडा लिहून त्याने हात झटकले.

"बसा साहेब आत. पेडल बघा. आलोच."

इंद्रजित गाडीत बसला. पूर्वी पोटाला टेकणारं स्टिअरिंग आता हातभर लांब वाटत होतं. त्याने पेडल दाबलं. दगडासारखं घट्ट. पुन्हा दाबलं. तसंच. सात महिन्यांत पहिल्यांदा तो वाळूतला क्षण मनातून गेला. त्याने डोळे मिटून मान मागे टेकली. काच उघडी होती. शटरबाहेर उभा राहून धम्मपाल फोनवर हळू आवाजात बोलत होता.

"प्रियाताई, अठ्ठ्याऐंशी भरले. आता गाडी तयार झाली म्हणून सांगू का साहेबांना?"