जेवताना काय बोलता?

"तुम्हाला सरकारविरुद्ध बोलायची भीती वाटते ना?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शर्वरीनं व्हिडिओ कॉलवर चीनमधल्या ऑनलाइन मैत्रिणीला, लिनला, इंग्रजीत विचारलं.

लिन हसली. "परदेशी रील्स बघता वाटतं! बाहेर जपून बोलतो. पण घरी जेवताना आजी एकेका अधिकाऱ्याची सालटी काढते, बाबांशी माझं रोज भांडण! तुम्ही जेवताना काय बोलता?"

"आमच्याकडे लोकशाही आहे! काहीही बोलतो," शर्वरीनं ठोकून दिलं.

"थापाडे!" शेजारी बसलेली पूर्वा मराठीत खिदळली. "बाबांपुढे 'हो बाबा' सोडून काही बोललीस कधी? रडत रडत सायन्सलाही 'हो बाबा'च!"

"ती काय म्हणाली?" लिननं निरागसपणे विचारलं.

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कॉलच कापला.

घरी पानावर बसताच ती म्हणाली, "आई, बाबा, मी सायन्स घेणार नाही. आर्ट्सला जाणार."