कानावर पडलेलं

"'लिसन्ड' खोडा आणि तिथे 'हर्ड' लिहा," चौकशी करणाऱ्या साहेबांनी जबाबाचा कागद ऑपरेटरपुढे सरकवला.

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये अठरा वर्षं फोन घेणारा माणूस, पण इंग्रजीच्या नावाने आनंदीआनंद. 'लिसन्ड' त्याने भाचीला विचारून लिहिलं होतं. जबाब जरा भारदस्त दिसावा म्हणून.

"दोन्हीचा अर्थ ऐकणंच ना, साहेब?"

"अहो, हर्ड म्हणजे कानावर पडलं. लिसन्ड म्हणजे कान देऊन ऐकलं. अर्धांगाच्या झटक्याने त्या फोन करणाऱ्या बाईची वाचा गेलेली. तुम्ही नियमाप्रमाणे म्हणालात, बोलता येत नसेल तर फोनवर टकटक करा. तिने केली. टेपमध्ये अकरा वेळा आहे. आणि नियमातले वीस सेकंद भरल्यावर तुम्ही फोन ठेवलात. गाडी गेलीच नाही, बाई वारली. कान देऊन ऐकूनही ठेवला, असं लिहून द्याल तर कायमचे घरी बसाल. नुसती कानावर पडली, लाइनची खरखर वाटली, म्हणा. विषय संपला."

ऑपरेटरने पेन उघडलं. त्या दुपारी ते ठरलेलं वाक्य त्याने पोपटासारखं म्हटलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या विनोदाला हसत नजर घड्याळावर ठेवली होती. खरखरही वाटली नव्हती. काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र घरात कुणी कपात चमचा ढवळला तरी त्याचा जीव घाबरा होतो. साहेब त्याला वाचवायला खोटं सुचवत होते, आणि त्यातला 'हर्ड' हा एक शब्द तेवढा खरा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि सही केली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाहेर बाकावर त्या बाईचे वडील बसले होते. ते काठी टेकत उठले.

"माझ्या मुलीचा फोन तुम्हीच घेतला होता ना?"

"हो, बाबा."

म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "घरात एकटीच होती हो पोर. त्याच विचाराने डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग कळलं, फोनवर तुम्ही होतात. म्हणजे शेवटी कुणीतरी तिचं ऐकत होतं. होतं ना?"

"ऐकत होतो, बाबा," ऑपरेटर म्हणाला.