बॅरलमध्ये राहिलेला माल

चमचा कट्कन मोडला. साहेबांनी दुसरा घेतला, जरासा वाकवला; तोही मोडला. तिसरा तर नुसता चिमटीत दाबल्यावर गेला. रंगही पांढरा नाही, पिवळट, आजारी दिसणारा.

मक्यापासून बनवलेल्या, मातीत कुजून जाणाऱ्या प्लास्टिकचे हे चमचे. पहिलीच ऑर्डर, आणि गिऱ्हाईक उद्या नमुना न्यायला येणार. हा माल भलता नाजूक. प्लास्टिकचे दाणे कोरडे ठणठणीत नसतील तर तापल्यावर नासतो, आणि मशीनच्या गरम बॅरलमध्ये, म्हणजे दाणे वितळवणाऱ्या नळकांड्यात, पडून राहिला तरी नासतो. म्हणून मशीन थांबवायचं तर आधी बॅरल रिकामं करायचं, असं साहेबांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"दाणे कुणी वाळवले?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदम भाचीकडे वळल्या. ती नवीन होती. मामांनीच शब्द टाकून तिला लावलं होतं. मामा म्हणायचा त्यांना सगळाच कारखाना, सख्खी भाची मात्र ही एकटी.

"मी वाळवले, साहेब. पूर्ण वेळ ठेवले होते."

"मग हे काय आहे?"

मामा तिथेच मशीनपाशी उभे होते. दुपारी जेवायला जाताना त्यांनी बॅरल भरलेलंच सोडलं होतं, हीटर चालू. म्हणजे आल्याआल्या काम सुरू करता येतं. साध्या प्लास्टिकवर उभा जन्म त्यांनी असंच केलं होतं, कधी काही बिघडलं नाही. त्यात जेवणानंतर गप्पांचा फड जमला. या नव्या मालाला काय सोनं लागलंय, नवऱ्या मुलासारखा जपायचा तो, असं म्हणून मामांनी चार माणसांना हसवलंही होतं.

आता बोलायला हवं होतं. मामांनी तोंड उघडलं आणि बोललेही.

"पोर नवीन आहे, साहेब. सांभाळून घ्या."

अरे देवा! त्यापेक्षा गप्प बसले असते तरी परवडलं असतं. भाचीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे बघूनच तिला घेतलं होतं, मामा," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको म्हणावं." आणि ते केबिनमध्ये निघून गेले.

भाची डबा पिशवीत भरायला लागली. झाकण काही केल्या बसेना.

"मामा, मी दाणे नीट वाळवले होते रे."

"माहीत आहे मला."

"मग?"

पोरीची काळजी सोड, मी बसलोय ना, असं बहिणीला छाती फुगवून सांगितलं होतं त्यांनी. पोरीच्या तोंडाकडे बघवेना, तसे ते तडक केबिनमध्ये गेले.

"साहेब, चूक माझी आहे. जेवायला जाताना मी बॅरल रिकामं केलं नाही. माल आत शिजत राहिला. पोरीचा काही दोष नाही यात."

साहेब बघतच राहिले. मग उठले आणि त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाचीसाठी स्वतःच्या माथ्यावर घेताय? मामा, मी काय दूधखुळा आहे? हे मशीन मला तुम्ही शिकवलंत. तुमच्या हातून असं होणं शक्य तरी आहे का?"

"नाही साहेब, खरंच..."

"पुरे. जा, चहा घ्या."

पुन्हा सांगायला हवं होतं. टेबलावर हात आपटून सांगायला हवं होतं. पण नोकरी वाचली, नाव वाचलं, म्हणून मामांना क्षणभर हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वळले. साहेब मागून आणखी काहीतरी म्हणाले, ते ऐकून तसेच बाहेर आले.

भाची फाटकापाशी पिशवी धरून उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले साहेब?"

मामांनी मान वर केली नाही.

"म्हणाले, असा मामा मिळायला भाग्य लागतं."