दोन पांढरे, दोन लाल

"चपला घालून आलात?" तपासनीस तिच्या पायांकडे बघत म्हणाला. "गवत ओलं आहे. जपून चाला, आणि धावपट्टीवर पाय टाकू नका."

तिने मान हलवली आणि त्याने दिलेलं पिवळं जॅकेट अंगात चढवलं. मागून तिचे वडील पान्यांची पेटी घेऊन येत होते. या विमानतळावरच्या दिव्यांचे ते मुख्य मिस्त्री. सव्वीस वर्षं झाली. कुठला दिवा कधी बदलला हे आधी त्यांना विचारायचं, रजिस्टर नंतर उघडायचं, असा त्यांचा लौकिक.

दोन महिन्यांपूर्वी पहाटेच्या धुक्यात तिच्या नवऱ्याचं टपालाचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. विमानात तो एकटाच होता. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातल्या टेपवर त्याचे शेवटचे शब्द आहेत, "दोन पांढरे, दोन लाल."

धावपट्टीच्या बाजूला ओळीने चार दिवे असतात. विमान बरोबर उंचीवर असलं की दोन पांढरे दिसतात, दोन लाल. खाली गेलं की लाल वाढतात. पण एखादा दिवा जागचा हलून जरासा झुकला, तर लाल दिसायला हवा तिथे तो पांढरा दिसतो, आणि बिचारा वैमानिक सगळं ठीक आहे असं समजून खाली येत राहतो.

चौकशीत दिवे बरोबर निघाले. मग उरला कोण? ज्याला आता काही बोलता येणार नव्हतं, तो. 'वैमानिकाची चूक' असा शेरा बसला आणि लोकांना रान मोकळं मिळालं. कोणी म्हणालं, डुलकी लागली असेल. कोणी म्हणालं, थोडी घेऊन आला असेल. सासूबाई रोज फोनवर एकच विचारायच्या, "माझा पोरगा चुकला नाही ना गं?"

फेरतपासणीचा अर्ज वडिलांनीच लिहून दिला. ती हातपाय आपटून मागे लागली होती म्हणा. "मोजू दे त्यांना पुन्हा," ते म्हणाले. "तुझ्या मनाची खात्री होईल." साऱ्या जगात तेवढा एक माणूस तिच्या बाजूने उभा होता.

त्या सकाळी बातमीही त्यांनीच आणली होती. तिच्याकडे बघून सांगायचा धीर होईना, म्हणून खिडकीशी पाठमोरे उभे राहून कसंबसं सांगितलं. मग "चौकशीवाले यायच्या आत पोचायला हवं" म्हणत तसेच परत गेले. रात्री मात्र लहान मुलासारखे रडले.

तपासनीसाने पहिल्या दिव्यावर कोन मोजायचं यंत्र ठेवलं. ती खाली मान घालून स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. उजव्या अंगठ्याच्या नखावर अजून अर्धा रंग शिल्लक होता.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने ती नेलपॉलिश आणली होती. विटकरी लाल, आत सोन्याची बारीक चमक. "दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात भडक दे," तो म्हणाला होता. "वर विमानातून तुझे पाय दिसले पाहिजेत मला." मग पाय मांडीवर घेऊन स्वतःच एक अंगठा रंगवला. पहाटे निघायचं होतं. "बाकीचे नऊ उद्या," म्हणून बाटली खिडकीत ठेवून दिली. पुढे तिने घर पालथं घातलं तरी ती बाटली मिळाली नाही. वडील म्हणाले, "भेटायला आलेल्यांच्या पोरांनी उचलली असेल. दुसरी आणीन." दुसरी घेऊन काय करायचं होतं तिला?

"पहिला बरोबर," तपासनीस म्हणाला. मग दुसरा बरोबर. तिसरा, चौथा.

तिने मान वर केली. "पण आधी वाकडा असला आणि मागाहून कोणी सरळ केला असला तर?"

"तेच कळावं म्हणून ही खूण असते, ताई." त्याने दिव्याच्या पायाशी बोट दाखवलं. "कोन ठरवून नट आवळला की नटावरून खालपर्यंत लाल रंगाची रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. बघा, चारही शाबूत आहेत." तो वडिलांकडे वळला. "तुम्हीच ओढल्यात ना?"

"हो. चार महिने झाले. रजिस्टरला आहे."

"त्यानंतर हात लावला नाही?"

"नाही."

तपासनीसाने वही मिटली. "वाईट वाटतं, ताई. पण शेरा तोच राहील."

तिसऱ्या दिव्याजवळ ओल्या गवतात ती मटकन बसली. आता सासूबाईंना काय सांगायचं? म्हातारी दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसेल. संपलं सगळं. माणूस गेला आणि त्याचं नावही गेलं.

वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ बाळा, घरी जाऊ."

ऊन वर आलं होतं. दुसऱ्या आणि चौथ्या दिव्याच्या रेघा मळून, सुकून पार फिक्या पडल्या होत्या. तिच्यासमोरची तिसरी मात्र चकाकत होती. ती पुढे वाकली. मग तिने उजवी चप्पल काढली आणि पाय हळूच सरकवत नटाशेजारी नेला.

अंगठ्यावरच्या अर्ध्या रंगात आणि त्या रेघेत, सोन्याची तीच बारीक चमक होती.